पूर, गाणे आणि मालकी

मागच्या सत्रात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ब्लूज हे काळ्यांचे गाणे. मग ते गाऊन गोरे कसे मोठे झाले?" वर्गात मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर प्रश्न पाठ सोडीना. शोधता शोधता मी एका ध्वनिमुद्रिकेपाशी येऊन थांबलो : 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन बँडची 'वेक ऑफ द फ्लड', ऑक्टोबर १९७३.

हा बँड कॅलिफोर्नियातला, १९६५ चा. वादक सगळे गोरे. त्याला 'जॅम बँड' म्हणतात. म्हणजे असे की, लिहिलेले गाणे हे नुसते दार; आत शिरल्यावर वादक एकमेकांचे ऐकत, आधी न ठरवलेले, कितीतरी वेळ वाजवत राहतात. माझे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवीत. एकच चाल पहाटेपर्यंत कशी फिरते हे मी स्टेजच्या कडेला पेंगत ऐकले आहे. त्यामुळे हा प्रकार मला परका वाटला नाही. या संगीताची मुळे मात्र ब्लूज, गॉस्पेल आणि डोंगराळ मुलखातल्या फिडलमध्ये. बँडमध्ये ब्लूज आणणारा गायक रॉन मॅकर्नन मार्च १९७३ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्यानंतरची ही पहिली स्टुडिओ तबकडी.

१९६७ पासून त्यांच्या तबकड्या वॉर्नर ब्रदर्स काढीत असे. करार संपल्यावर त्यांनी स्वतःची 'ग्रेटफुल डेड रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. तिची पहिली निर्मिती हीच. आइस्क्रीमच्या गाड्यांवरून तबकड्या विकाव्यात अशीही एक कल्पना तेव्हा निघाली होती. हसू येते खरे. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात चादर अंथरून गाण्यांच्या पुस्तिका विकणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला फार हसू येणार नाही. पुढे काय झाले? थोड्याच दिवसांत बाजारात बनावट प्रती आल्या, आणि १९७६ मध्ये कंपनी बंद पडली. निर्मिती हातात आली होती, बाजार आला नव्हता. गंमत अशी की, याच मंडळींनी आपल्या मैफली श्रोत्यांना खुशाल टेप करू दिल्या. फुकट वाटण्याला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या नावावर दुसऱ्याने गल्ला भरण्याला होता.

मग काळ्यांच्या वारशाचे काय? या मंडळींनी मार्च १९७१ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथरच्या मदतीसाठी कार्यक्रम केला होता. त्याच संघटनेच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे ऋण मानणे झाले. ऋण फिटले असे मी म्हणणार नाही.

या तबकडीत 'हिअर कम्स सनशाइन' नावाचे गाणे आहे. त्याच्याच पहिल्या शब्दांतून तबकडीचे नाव आले. गीतकार रॉबर्ट हंटर यांनी पुढे नोंदवले की, यामागे १९४८ च्या व्हॅनपोर्टच्या पुराची आठवण आहे. व्हॅनपोर्ट ही ओरेगॉनमधली, पोर्टलंडलगतची वसाहत. युद्धकाळात जहाजबांधणीच्या मजुरांसाठी १९४२-४३ मध्ये कोलंबिया नदीकाठच्या सखल जागेत घाईघाईने बांधलेली. १९४८ साली तिथे सुमारे साडेअठरा हजार लोक राहत. त्यांत जवळजवळ एक तृतीयांश काळे, कारण पोर्टलंड शहरात अल्बिनासारखा एखादा भाग सोडला तर त्यांना कोणी घर देत नव्हते. ३० मे, रविवार. गृहनिर्माण प्राधिकरणाने सकाळी दारोदार कागद वाटला : बांध सुरक्षित आहेत, गरज पडल्यास इशारा देऊ, निघायला वेळ मिळेल, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमारास रेल्वेचा भराव फुटला. संध्याकाळपर्यंत अख्खी वस्ती पाण्याखाली. पंधरा माणसे गेली. बाकीची दुसऱ्यांच्या घरांत, आणि काळी कुटुंबे बहुतांशी पुन्हा त्याच कोंदट अल्बिनात. युद्धावरून परतलेल्यांसाठी तिथे एक कॉलेज होते. ते वाहून गेले, तरी बंद पडले नाही. आजचे पोर्टलंड स्टेट विद्यापीठ ते हेच. (मास्तर माणसाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

गाणे उजळ आहे, चाल हलकी आहे. पण त्यात व्हॅनपोर्टचे नाव नाही. मी ते वर्गात लावले, मागची हकिगत सांगितली. तोच विद्यार्थी म्हणाला, "चाल छान आहे सर. पण तो सकाळचा कागद गाण्यात कुठे आहे?"