सुकलेली सिगार आणि मिठाचं झाकण

पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की पापड सादळतो. सिगारचं दुखणं उलटं. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली सिगार कानाशी धरून हलकेच दाबली, की ती पापडासारखी कुरकुरते आणि बोटांना भुगा लागतो.

तंबाखूचं पान आर्द्रताग्राही. भोवतालची हवा दमट असली की बाष्प घेतं, कोरडी असली की सोडतं. म्हणून सिगार जपायची ती साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत आणि १८ ते २१ अंश सेल्सिअसला. त्यासाठीच्या पेटीला, म्हणजे ह्युमिडॉरला, आतून 'स्पॅनिश सीडर' लावतात. नावावर जाऊ नका. हा देवदाराचा भाऊबंद नव्हे, महोगनीचा आणि चक्क आपल्या कडुनिंबाच्या कुळातला! त्याचं लाकूड बाष्प धरून ठेवतं आणि हवा कोरडी पडली की सोडतं.

सुकलेल्या सिगारला पाणी हवंच असतं, पण घाई केली की घात. क्यूबातले कारागीर सिगारचे तीन भाग सांगतात: वरचं तलम पान 'कापा', त्याखालचं आवळून धरणारं 'कापोते' आणि पोटातला भरणा 'त्रिपा'. पेटीत एकदम दमट हवा कोंडली तर तिन्ही सारख्या वेगानं फुगत नाहीत. ताण येतो कापावर आणि तो उभा चिरतो. म्हणून जाणकार ६० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करून आर्द्रता आठवड्या-पंधरवड्यानं थोडी थोडी चढवतात, मधूनमधून सिगार फिरवतात. महिना-दोन महिने सहज जातात. जास्त ओल झाली तर बुरशी धरते. त्यात उकाडाही असला तर तंबाखूचा भुंगेरा टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पाडतो.

एवढं करून परत येतं ते पाणी. उडून गेलेली सुगंधी तेलं येत नाहीत. (आणि तंबाखूचा अपाय कुठल्याच पेटीत कमी होत नाही.)

सगळी मदार आर्द्रतामापकावर, आणि तो पुष्कळदा चुकतो. तो तपासायचा तर बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला. झाकण आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. खोलीच्या तापमानाला अशा डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी काटा ७२ वर दिसला, तर तुमचा मापक तीन टक्के कमी सांगतो.