ओसाकाच्या आळ्यांमधली खरेदी

ओसाकाच्या उत्तर भागात तेन्जिनबाशीसुजी नावाची पेठ आहे. लांबी सुमारे २.६ किलोमीटर, दुकानं सहाशेच्या आसपास आणि डोक्यावर बहुतेक अंतर छप्पर. जपानमधली ही सर्वांत लांब ‘शोतेंगाय’, म्हणजे दुकानदारांनी मिळून चालवलेली बाजारपेठ. तेनमांगू देवळाला जाणाऱ्या भाविकांच्या वाटेवर आणि तेनमाच्या भाजीबाजाराच्या आधाराने ती वाढली. चहा, मोजे, जुनी पुस्तकं, तळलेले क्रोकेट, म्हाताऱ्या माणसांच्या चपला असं रोजच्या संसाराचं सामान इथे मिळतं. प्रवासी मात्र दक्षिणेला दोतोनबोरीच्या दिव्यांखाली गर्दी करतात आणि तिथल्याच दुकानांतून पिशव्या भरून परततात. हा क्रम मला पटत नाही. ओसाकाचा माणूस जिथे विकत घेतो तिथेच पाहुण्यानेही घ्यावं.

या शहराची जडणघडणच व्यापाऱ्यांची आहे. तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला आणि साकाईसारख्या ठिकाणच्या व्यापाऱ्यांना जवळच्या सेन्बा भागात वसवलं. पुढे एदो काळात निरनिराळ्या सरदारांचा महसुली तांदूळ नदीकाठच्या कोठारांत येऊन पडू लागला. दोजिमा इथला तांदळाचा वायदेबाजार शोगुनच्या सरकारने १७३० मध्ये अधिकृत केला; जगातल्या पहिल्या संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते. ‘देशाचं स्वयंपाकघर’ हे ओसाकाचं बिरुद याच काळातल्या उलाढालीचं.

पुण्यात जशी तांबट आळी, तशा एकेका धंद्याच्या आळ्या इथे वसल्या आणि त्यांतल्या कितीतरी आजही जाग्या आहेत. मात्सुयामाची भागात बाहुल्या, खेळणी, फटाके. दोशोमाची औषधवाल्यांची, ताकेदा ही औषध कंपनी १७८१ मध्ये इथल्याच एका दुकानातून सुरू झाली. १८२२ मध्ये पटकीची साथ आली तेव्हा इथल्या औषधविक्रेत्यांनी औषधाबरोबर कागदाच्या लगद्याचे छोटे वाघ रक्षणासाठी वाटले. दरवर्षी २२ आणि २३ नोव्हेंबरला सुकुनाहिकोना देवळाच्या उत्सवात ते वाघ अजून मिळतात. ओसाकाहून घरी न्यायला याहून चांगली वस्तू मला सुचत नाही.

पण वेळ एकाच आळीपुरता असेल, तर दोगुयासुजीला जावं. नांबा स्थानकापासून चालत काही मिनिटांवर असलेली ही जेमतेम दीडशे मीटरची गल्ली खानावळवाल्यांची आहे. दारावरचे कापडी पडदे, कागदी कंदील, ताकोयाकीचे, म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घातलेल्या गोळ्यांचे, खळग्यांचे तवे, सूपचे वाडगे, एवढंच काय, काचेच्या कपाटात मांडायचे नकली पदार्थही इथे विकतात. या नकली पदार्थांचा धंदा इवासाकी ताकिझो याने १९३२ मध्ये ओसाकातच सुरू केला. तेव्हा ते मेणाचे असत, आता प्लास्टिकचे असतात. झिंग्याच्या कल्ल्यांवरची चमक आणि नूडल्सवर तरंगणारं तेल इतकं हुबेहूब असतं की कारागिराच्या नजरेला मनापासून दाद द्यावी.

गल्लीतल्या सुऱ्या शेजारच्या साकाईच्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानला आली, तिची पानं कापायला धारदार सुऱ्या लागल्या आणि साकाईच्या लोहारांचं नाव झालं. तिथे अजूनही एकजण पातं ठोकतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो. एकच माणूस सगळं करत नाही. पारंपरिक सुरीला धार एकाच बाजूने असते, त्यामुळे डावखुऱ्यांसाठी वेगळी सुरी मागावी लागते. कार्बन पोलादाची सुरी गंजते. लिंबू किंवा कांदा चिरून तशीच ठेवली तर डाग पडतात. आपल्या स्वयंपाकघरात ती निगा राखणं होणार नसेल, तर सरळ स्टेनलेस घ्यावी आणि दुकानदाराला तसं सांगावं. तो नाराज होत नाही, उलट नीट निवडून देतो. विमानप्रवासात ती जमा करायच्या सामानातच ठेवायची.

कुरोमोन हा मासळीचा नामांकित बाजार इथून जवळच. आता तिथे काडीवर टोचलेले खेकडे आणि वाग्यू मांस पर्यटकांसाठी भाजलं जातं आणि भावही त्यांच्यासाठीच लावलेले दिसतात. पाहून यावं, पण खरेदी दुसरीकडे करावी. त्यापेक्षा कोंबूचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, जुनं दुकान शोधावं. होक्काइदोचा कोंबू जहाजांनी जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकाला यायचा, म्हणून इथल्या रश्शाची चव कोंबूवर उभी राहिली.

मोठी दुकानंही इथे दोन वाटांनी आली. एक वाट कापडाची. दाइमारू १७२६ मध्ये शिन्साइबाशीला कापडाचं दुकान म्हणून उघडलं. विल्यम व्होरीस या वास्तुकाराने आखलेली त्याची इमारत १९३३ मध्ये पूर्ण झाली आणि २०१९ मध्ये ती नव्याने बांधताना जुना दर्शनी भाग जपला गेला. दुसरी वाट रेल्वेची. हांक्यू रेल्वेच्या कोबायाशी इचिझो यांनी १९२९ मध्ये उमेदा स्थानकातच डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. तिथल्या भोजनगृहाचा करी-भात गाजला. मंदीच्या दिवसांत लोक नुसता भात मागवून टेबलावरचा सॉस त्यावर ओतून खाऊ लागले, तेव्हा कोबायाशींनी त्यांना हाकललं नाही. फक्त भात घेणाऱ्यांचंही स्वागत आहे, अशी पाटीच लावली. हीच माणसं उद्या बायकापोरांना घेऊन येतील, हा त्यांचा हिशोब होता. आजही हांक्यूच्या तळघरातलं खाद्यपदार्थांचं दालन संध्याकाळी पाहावं. बंद व्हायच्या सुमाराला तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात.

कापडाच्या वाटेवर आपलाही एक धागा आहे. ओसाकाच्या सूतगिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून जमशेदजी टाटा आणि निप्पोन युसेन ही जपानी जहाज कंपनी यांनी १८९३ मध्ये मुंबई–कोबे जहाजसेवा सुरू केली. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात यायचा, तिथून कोबेमार्गे इथल्या चात्यांवर चढायचा. सेन्बाचे कापडवाले आजही तिथेच आहेत. १९७० मध्ये उन्नत महामार्गाच्या पोटात बांधलेल्या, जवळजवळ किलोमीटरभर पसरलेल्या सेन्बा सेंटर बिल्डिंगच्या दहा इमारतींत सुती कापड, अस्तरं, टॉवेल, किमोनोचे तुकडे मिळतात. काही गाळे फक्त घाऊक विकतात, म्हणून आत शिरण्याआधी विचारावं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा हा फेरफटका कामाच्या दिवशी सकाळीच ठेवावा.