शिपायाची शिदोरी व मोड आलेली मटकी

सन १९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें, तेव्हां आमच्या पुण्यानजीकच्या खडकी छावणींतील बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या फ्रान्समध्यें गेल्या. त्याच सालीं हिंदी शिपायांचीं पत्रें तपासणारी एक कचेरी तेथें निघाली. तिनें निवडक पत्रांचे उतारे इंग्रजींत करून ठेविले. मूळ पत्रें बहुतेक नाहींशीं झालीं. त्या उताऱ्यांत लढाईइतकीच पाऊस, पीक, कर्ज आणि घरीं पाठविलेले पैसे पोंचले कीं नाहीं, यांची विचारपूस आढळते. महसुली दप्तरांत आयुष्य गेलेल्या मजसारख्यास यांत नवल वाटत नाहीं. शिपाई झाला तरी शेताचा बांध त्याच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

फ्रान्समध्यें त्याच्या पोटाची आबाळ फारशी झाली नाहीं. कणीक, डाळ, तूप, गूळ, मसाला असा शिधा सरकार देई. शिवाय १९१४ सालीं निघालेल्या 'इंडियन सोल्जर्स फंडा'तून लोकरी कपडे, तंबाखू, मिठाई जात असे. घरचें पार्सल यावयाचें तें बोटीनें, आठवडेच्या आठवडे घेऊन. तेव्हां त्यांत टिकाऊ जिन्नस घालणें भाग. ओलें, हिरवें असें कांहींच जाणें शक्य नव्हतें. नेमकी हीच उणीव पुढें मेसोपोटेमियांत जिवावर आली.

तैग्रिस नदीवरील कूट गांवीं डिसेंबर १९१५ मध्यें जनरल टाउनशेंड यांच्या फौजेस तुर्कांनीं वेढा घातला. आंत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जेथें वाटच बंद, तेथें पार्सल कोठलें? एप्रिलमध्यें विमानांतून धान्य टाकण्यांत आलें, तें अपुरें पडलें, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. गोऱ्या शिपायांनीं घोड्याचें मांस खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं पुष्कळांनीं तें दीर्घकाळ नाकारिलें. भाजीपाला तर नव्हताच. त्यांच्या हिरड्या सुजून रक्त येऊं लागलें, हातापायांतील त्राण गेलें. हाच स्कर्व्ही रोग. वेढ्याबाहेरील फौजेंतही त्या सालीं हजारों हिंदी शिपाई यानेंच अंथरुणास खिळले.

लंडनच्या लिस्टर संस्थेंतील हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम या विदुषींनीं १९१७ सालीं दाखवून दिलें कीं, कोरड्या कडधान्यांत या रोगावरील गुण जवळजवळ नाहीं; पण तींच भिजवून मोड आणलीं कीं तो उत्पन्न होतो. पुढल्या वर्षीं सर्बियन शिपायांवर मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग झाला, तेव्हां तो लिंबाच्या रसाच्या तोडीचा ठरला. ह्या गुणासच आतां क जीवनसत्त्व म्हणतात.

आमच्या घरांतील बायका मटकी, मूग, हुलगे फडक्यांत बांधून मोड आणतात, त्यांस हें शास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें. किडीपासून जपलें तर महिनोन्महिने टिकणारें, आणि पाणी लागतांच भाजीचें काम देणारें असें धान्य पार्सलांत घालण्यास दुसरें कोणतें? प्रयोगांत तें एक अहोरात्र भिजवून दोन दिवस दमट ठेवीत. आमच्या उष्ण हवेंत मोड याहून लवकर येतात. मात्र उसळ थोडकीच शिजवावी व ताजी असतांनाच खावी, कारण फार वेळ रटरटली कीं हा गुण उष्णतेनें नाहींसा होतो.