विला ऑरोरा : निर्वासिताच्या घराचे लेखक-निवासात रूपांतर

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पश्चिमेस, सांता मोनिका डोंगर जेथे पॅसिफिक महासागराला येऊन भिडतात, तेथील पॅसिफिक पॅलिसेड्स या उपनगरात, डोंगरउतारावर, ‘विला ऑरोरा’ ही स्पॅनिश धाटणीची वास्तू उभी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने ती ‘नमुना घर’ म्हणून बांधण्यात आली. घरगुती वापराच्या आधुनिक सोयी लोकांना प्रत्यक्ष पाहता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. आज ती लेखक-निवास म्हणून ओळखली जाते. लेखक-निवास म्हणजे निवडक लेखकांना ठरावीक काळ राहण्याची जागा आणि निर्वाहापुरते अर्थसाह्य देऊन, इतर व्यवधानांपासून दूर राहून लिहिण्याची सवड मिळवून देणारी व्यवस्था होय.

या परिवर्तनाचे मूळ लिऑन फॉइश्टवांगर (१८८४–१९५८) या जर्मन ज्यू कादंबरीकाराच्या आयुष्यात आहे. हिटलरचे उघड टीकाकार असलेले फॉइश्टवांगर १९३३च्या आरंभी अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच नाझींच्या हाती सत्ता आली. त्यांचे बर्लिनमधील घर लुटले गेले, पुस्तके जाळण्यात आली आणि त्याच वर्षी त्यांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले. पुढे फ्रान्समध्ये त्यांनी नव्याने संसार मांडला. परंतु १९४० साली तेथे त्यांना छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, तेथून ते स्त्रीवेष धारण करून निसटले आणि पत्नी मार्टा यांच्यासह पिरेनीज पर्वत ओलांडून अमेरिकेस पोहोचले. बर्लिनमधील ग्रंथसंग्रहाला ते मुकले होतेच, फ्रान्समधील दुसरा संग्रहही मागे ठेवून त्यांना निघावे लागले.

१९४३ साली या दांपत्याने विला ऑरोरा अवघ्या ९,००० डॉलरना विकत घेतली. युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण असल्यामुळे शहरापासून दूर, डोंगरावर राहण्यास कोणी फारसे राजी नव्हते आणि ओस पडलेल्या घराच्या काचा फुटून आत धूळमाती साचली होती. मार्टा यांनी जुन्या बाजारातील सामान आणून ते राहते केले, बाग फुलवली; लिऑन यांनी येथेच आपला तिसरा ग्रंथसंग्रह उभारला, जो पुढे सुमारे ३०,००० ग्रंथांपर्यंत वाढला आणि ज्यात १४९३ साली छापलेल्या सचित्र ‘न्यूरेंबर्ग क्रॉनिकल’सारखा दुर्मीळ ग्रंथही होता. थॉमस मान, त्यांचे बंधू हाइनरिश मान, बर्टोल्ट ब्रेख्त यांच्यासारख्या देशोधडीला लागलेल्या साहित्यिकांची येथे ऊठबस असे आणि नव्या लेखनाचे वाचनही होई. मातृभाषेचे वाचक हिरावले गेलेल्या या लेखकांना हे घर श्रोते पुरवीत होते, हे त्याचे सर्वांत मोठे कार्य म्हणावे लागेल. फॉइश्टवांगर यांना मात्र अमेरिकेचे नागरिकत्व अखेरपर्यंत मिळाले नाही. एकदा देशाबाहेर गेल्यास परत प्रवेश मिळणार नाही, या भीतीने ते पुन्हा युरोपला गेलेच नाहीत.

त्यांच्या पश्चात मार्टा यांनी ग्रंथसंग्रह युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठाच्या स्वाधीन केला आणि १९८७ साली निधन होईपर्यंत त्याची निगराणी केली. त्यानंतर वास्तू विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या मित्रमंडळाने ती जर्मनीतील सार्वजनिक निधीच्या बळावर मिळवली व दुरुस्त केली. १९९५ पासून तेथे लेखकांबरोबरच संगीतकार, चित्रपटकार आणि दृश्यकलावंतही येऊन राहू लागले. ग्रंथसंग्रहातील अतिदुर्मीळ भाग विद्यापीठात हलवण्यात आला, तरी बहुसंख्य ग्रंथ घरातच राहिले. याखेरीज, मायदेशात छळ किंवा लेखनबंदी सोसणाऱ्या लेखकांसाठी फॉइश्टवांगर यांच्या नावाची स्वतंत्र पाठ्यवृत्ती ठेवण्यात आली.

जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स परिसर वणव्याने उद्ध्वस्त झाला. विला ऑरोरा धूर आणि काजळीची झळ सोसूनही बचावली. अशी वास्तू जपण्याचा खर्च मोठा असतो, आणि तो केवळ एका नामवंताच्या स्मृतीसाठी असता तर कदाचित काहींना अनाठायी वाटला असता. परंतु लेखकाला देशाबाहेर घालवणाऱ्या राजवटी आजही आहेत, आणि हाकलल्या गेलेल्या लेखकाला सहानुभूतीइतकीच राहायला खोली, हाताशी ग्रंथ आणि लिहायला वेळ यांची गरज असते. ती गरज भागवणारे घर हेच फॉइश्टवांगर यांचे खरे स्मारक होय.