शेवटी साचणारं, आधी विरघळणारं मीठ

खताच्या गोणीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. यातलं पालाश, म्हणजे पोटॅश, भारत जवळजवळ सगळं आयात करतो. काही देशांकडे त्याचे प्रचंड साठे, तर बहुतेकांकडे काहीच नाही. असं का, हे आज आपण पाहू.

मिठागरापासून सुरुवात करू. पाणी आटू लागलं की आधी जिप्सम बसतं. मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला की साधं मीठ. मग राहिलेलं कडवट पाणी मिठागरवाले सोडून देतात. पोटॅश त्याच पाण्यात असतं! हा क्रम उसिग्लिओ यांनी १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी आटवून दाखवला.

पण इथे हिशोब अडतो. हजार मीटर खोल समुद्र पूर्ण आटला, तरी मिठाचा थर जेमतेम १५ मीटरचा. जर्मनीतल्या त्सेखश्टाइन थरांची जाडी मात्र शेकडो मीटर आहे. म्हणून १८७७ मध्ये ओक्सेनियस यांनी उंबरठ्याची कल्पना मांडली. आखाताच्या तोंडाशी उथळ उंबरठा असतो. त्यावरून ताजं पाणी आत येत राहतं, ऊन ते आटवत राहतं. पुढे या कल्पनेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. तिथला समुद्र एकदा नव्हे, अनेकदा भरला आणि आटला.

म्हणजे पोटॅशसाठी समुद्र जवळजवळ संपावा लागतो. आणि तेवढ्यावर भागत नाही. हे मीठ सगळ्यात शेवटी बसतं, पण पाणी लागताच चटकन विरघळतं. टिकायचं तर वर चिकणमातीसारखं पाणी न झिरपणारं झाकण हवं. गाडलं जाणं हेच त्याचं संरक्षण. कॅनडातल्या सास्काचेवानमध्ये ते सुमारे एक किलोमीटर खोल आहे. १९४३ मध्ये तेल शोधताना ते हाती लागलं.

आता माणसाची बाजू बघा. १८५० च्या दशकात श्टासफुर्टला साध्या मिठासाठी विहीर खणली. वर लागलेल्या रंगीत, कडू क्षारांना नाव पडलं ‘आब्राउमझाल्त्से’, म्हणजे बाजूला सारायचे क्षार. पिकांना पोटॅश लागतं, हे लीबिग यांनी १८४० मध्येच सांगितलं होतं. १८६१ मध्ये तिथेच पोटॅशचा पहिला कारखाना उभा राहिला.

खडक तेच होते; बदलला तो आपला प्रश्न. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात मात्र असा थर शोधू नये. तो लाव्हा आहे, आटलेला समुद्र नव्हे. राजस्थानात नागौर–गंगानगर खोऱ्यात पोटॅशयुक्त थर सापडले आहेत, कारण तिथे असा समुद्र खरोखर आटला होता.