डाव्या हाताचा ठेका

रत्नागिरी शहराला लागून असलेले मिरजोळे बाहेरच्यांना परिचित आहे ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. मात्र गणपतीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की तेथेही कोकणातल्या इतर गावांसारखेच घरोघर भजनाचे सूर ऐकू येतात. अशाच एका रात्री माझी सतरा वर्षांची भाची तबल्यावर बसली. बसल्याबसल्या तिने प्रथम तबला आणि डग्गा यांच्या जागा बदलल्या, चुंबळी सारख्या केल्या आणि हातोडी हातात घेतली. शेजारी टाळ घेऊन बसलेले एक वृद्ध गृहस्थ काही क्षण पाहत राहिले आणि म्हणाले, "काय गो, उलटं मांडलंस?" तिने शांतपणे उत्तर दिले, "उलटं नाही आजोबा, मी डावरी आहे."

हे उत्तर तिला पाठ झाले आहे. जगात साधारण दहा माणसांमागे एक डावखुरा असतो, म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. तरीही डावखुऱ्या मुलाला, त्यातही संगीताचे वेड असलेल्या मुलाला, दिवसातून अनेकदा आपण वेगळे असल्याची आठवण करून दिली जाते. आपल्या भाषेनेही यात हातभार लावला आहे. सरस ठरणे म्हणजे 'उजवे ठरणे', विश्वासू सहकारी म्हणजे 'उजवा हात', आणि भेदभाव करायचा तर 'डावे-उजवे' करायचे! डाव्याच्या वाट्याला गौरवाचा म्हणावा असा 'डाव्या हाताचा मळ' हा एकच वाक्प्रचार येतो, आणि त्यातही कौतुक असते ते काम किती क्षुल्लक आहे याचे. (घरोघरी पुजल्या जाणाऱ्या गणपतीची सोंड मात्र बहुधा डावीकडे वळलेली असते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे सांभाळणे अवघड, असे आपणच म्हणतो.)

तिच्या दैनंदिन तक्रारी ऐकायला किरकोळ वाटतात. तालाच्या वहीत ठेका लिहायचा तर देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. त्यामुळे लिहिणारा डावा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकतो. समेची फुली आणि खालीचे शून्य यांचा डाग तळहाताच्या कडेवर उमटतो, आणि शिरोरेषा ओढताना उरलेसुरले अक्षर फिसकटते. तारेच्या बांधणीची वही असेल तर ती तार नेमकी मनगटाखाली येते. शिकवणीच्या वर्गातील खुर्च्यांना लिहिण्याची फळी उजव्या हातालाच जोडलेली असते, त्यामुळे अर्धे शरीर वळवून लिहावे लागते. दोघांच्या बाकावर ती उजव्या टोकाला बसली की शेजारणीच्या कोपराशी तिच्या कोपराची टक्कर ठरलेली. गाणी ऐकण्याच्या हेडफोनची वायर बहुधा डाव्या कानाकडून खाली येते. उजवा हात मोकळा राहावा ही त्यामागची सोय, पण डाव्या हाताने लिहिता लिहिता ऐकणाऱ्याच्या कोपरात ती अडकते. मामांच्या जुन्या तबकडीयंत्राची सुई धरणारी दांडीही उजव्या बाजूलाच. यांपैकी कशानेही कोणाचे आयुष्य थांबत नाही. परंतु वाद्य शिकायचे म्हटले की प्रश्न एवढा किरकोळ राहत नाही, कारण तेथे पहिल्याच दिवशी घेतलेला निर्णय पुढे वर्षानुवर्षे सोबत राहतो. शिवाय तो निर्णय बहुतेक वेळा शिकणारा घेतच नाही.

तबल्याच्या जोडीची नावेच पाहा. तबल्याला 'दायाँ' आणि डग्ग्याला 'बायाँ' म्हणण्याची पद्धत आहे. कोणता हात कोठे पडावा हे वाद्याच्या नावातच ठरवून टाकले आहे. प्रत्यक्षात या वाद्याच्या बांधणीत मात्र डावे-उजवे असे काही नाही. पुडी गोल, शाई गोल आणि चाटही सर्व बाजूंनी सारखी. फक्त डग्ग्याची शाई मध्यापासून किंचित बाजूला असते, तीही डग्गा फिरवून हवी तशी घेता येते. जागा बदलल्या की काम झाले, नवे वाद्य करून घ्यावे लागत नाही.

मग अडचण कशाची? अडचण असते ती शिकवण्याची आणि बसण्याची. वर्गात दहा मुले एका ओळीत बसून 'तिरकिट'चा सराव करीत असताना एकाचेच हात आरशातल्यासारखे चालले, तर गुरुजींची नजर अडखळते. आयत्या वेळी दुसऱ्याच्या तबल्यावर बसण्याची वेळ आली, तर मांडणी बदलून चुंबळी पुन्हा बसवाव्या लागतात. आमच्या भाचीने आठव्या वर्षापासून डाव्या हाताने तबला वाजवला. पुढे दुसऱ्या शिक्षकांकडे गेल्यावर त्यांनी सुचवले की मध्यमेच्या परीक्षेपूर्वी हात बदलावा, म्हणजे पुढे त्रास होणार नाही. सूचना दुष्टपणाची नव्हती आणि तिच्यात तथ्यही होते. तबल्यात दोन्ही हात कुशल असावे लागतात. 'ना', 'ता', 'तिन्' हे बोल तबल्यावर निघतात, तर 'गे' आणि 'क' डग्ग्यावर. 'तिरकिट'मधील 'कि' तेवढा डग्ग्याचा, बाकी तीन अक्षरे तबल्याची. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवत जी मींड काढतात ती तर दीर्घ रियाजाशिवाय साधत नाही. म्हणजे डावखुऱ्याने प्रचलित मांडणीवर वाजवले, तर त्याचा बळकट हात डग्ग्यावर येईल आणि त्याचा लाभही होऊ शकेल.

असे घडल्याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. 'बीटल्स'चा ढोलवादक रिंगो स्टार हा डावखुरा, पण तो उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवत आला. त्यामुळे एका ढोलावरून दुसऱ्या ढोलावर जाताना त्याच्या हातांचा क्रम इतरांपेक्षा निराळा पडे आणि त्याच्या वादनाला एक वेगळाच झोक येई. त्याच चमूतील पॉल मॅकार्टनी याने उलट मार्ग पत्करला. तोही डावखुरा, पण त्याने तारा उलट्या क्रमाने लावून डाव्या हातानेच वाजवणे पसंत केले. एकाच वाद्यवृंदातील दोन डावखुऱ्यांची ही दोन उत्तरे. चूक कोणतेच नाही.

खेळातही हेच दिसते. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, पण त्याने फलंदाजी केली उजव्या हाताने. डावखुरेपणा म्हणजे सर्व कामांना लागू पडणारा एकच शिक्का नव्हे. ज्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात, तेथे कोणत्या हाताकडे कोणती जबाबदारी द्यावी, याचा कौल प्रत्येकाचे शरीर वेगळा देते.

बसण्याचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे कर्नाटक संगीताच्या इतिहासात दिसते. पळनी सुब्रमण्य पिळ्ळै (१९०८-१९६२) हे मृदंगवादनातील थोर नाव. ते डावखुरे होते. कर्नाटक मैफलीत मृदंगवादक गायकाच्या उजवीकडे, गायकाकडे तोंड करून बसतो. त्यामुळे मृदंगाचे उजवे, चढ्या स्वराचे तोंड श्रोत्यांकडे येते. डावखुऱ्या वादकाला हा नाद श्रोत्यांपर्यंत तसाच पोहोचवायचा, तर त्याने गायकाच्या दुसऱ्या बाजूला बसायला हवे. पण तेथे व्हायोलिनवादक बसलेला असतो. त्याने जागा सोडली तर त्याच्या वाद्याचा नाद श्रोत्यांपासून दूर वळतो. साहजिकच काही वादक कुरकुरत आणि ही बैठक त्यांना मानवत नसे. अशा काळात चेंबै वैद्यनाथ भागवतर या ज्येष्ठ गायकाने पळनींचा पुरस्कार केला आणि आपल्या मैफलींत त्यांना साथीला घेतले. वाद कलेचा नव्हताच, तो सतरंजीवरच्या जागेचा होता. एका मोठ्या गायकाने मनावर घेताच तो सुटला.

तंतुवाद्यांकडे वळले की प्रकरण अधिक कठीण होते, कारण तेथे वाद्याची बांधणीच एकतर्फी असते. गिटार उलटी धरली की जाड तारा खाली आणि बारीक तारा वर येतात. तारांचा क्रम बदलला तरी वरच्या टोकाच्या पट्टीतील खाचा जुन्याच तारांच्या जाडीच्या राहतात. खालच्या घोडीवरची तिरकी पट्टीही विरुद्ध दिशेने तिरकी होते, त्यामुळे सूर जागेवर राहत नाहीत. आतल्या लाकडी आधारपट्ट्यांची रचनाही सहसा एका बाजूसाठीच केलेली असते. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची विजेची गिटार उलटी करून, तिला पुन्हा तारा लावून वाजवत असे. अल्बर्ट किंग तर तारांचा क्रमही न बदलता वाजवी. प्रतिभावंतांचे हे मार्ग सामान्य विद्यार्थ्याला परवडतातच असे नाही. दुकानात गेल्यावर आमच्या भाचीला भिंतीवर टांगलेल्या सर्व गिटारी एकाच दिशेच्या दिसल्या. डाव्या हाताची हवी तर मागवावी लागेल, आणि पसंतीला वाव थोडाच, असे उत्तर मिळाले.

सतारीबाबत आपण नशीबवान आहोत, कारण वाद्य घडवणारे हात आपल्या राज्यातच आहेत. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे मिरजेला गेले की सतारमेकरांची गल्ली लागते. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तेथे दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा गोलच असतो, त्याला डावे-उजवे नाही. परंतु बाजाची तार कोणत्या कडेला असावी, तरफांच्या खुंट्या कोणत्या बाजूला असाव्यात, मींड घेताना तार कोणत्या दिशेला खेचली जाईल, हे सर्व आधीच ठरवून वाद्य घडवावे लागते. तयार सतार घेऊन ती नुसती फिरवता येत नाही. सांगून करून घेण्याची वस्तू असल्याने कारागिराशी आधी बोलावे, हे उत्तम.

सरोद डाव्या हाताने छेडता येते का, असा प्रश्न कोणाला पडला तर त्याने मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची छायाचित्रे पाहावीत. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांना घडवणाऱ्या या गुरूंच्या डाव्या हातात जवा दिसतो. यापुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. बाबांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्याकडे मुंबईत शिकायला गेलेल्या हरिप्रसाद चौरसिया यांनी तोवर नावलौकिक मिळवला होता. तरी आपण शून्यातून सुरुवात करण्यास तयार आहोत हे गुरूंना पटवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे आणली. बोटांना ठाऊक असलेले सारे विसरून पुन्हा शिकणे म्हणजे काय, हे हात बदलण्याची सूचना सहज करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. बांबूच्या साध्या बासरीला चाव्या नसतात, भोके एका ओळीत असतात, म्हणूनच तीच बासरी दोन्ही बाजूंनी चालते. पाश्चात्त्य बासरीवर चाव्या जडवलेल्या असल्यामुळे हे स्वातंत्र्य मिळत नाही.

राहिली पेटी. खालचे स्वर डावीकडे, वरचे उजवीकडे, हा क्रम काही बदलत नाही. डाव्या हाताने वाजवून उजव्याने भाता मारणे शक्य आहे, पण मग अंगठा चढ्या स्वरांच्या बाजूला येतो आणि शिकलेली सारी बोटे उलटी पडतात. भाचीने येथे वाद न घालता उजव्या हातानेच वाजवायला सुरुवात केली आणि तिला ते जमलेही. गळ्याला तर हातच नसतो, असे ती म्हणते. टाळ आणि झांज यांच्याइतके निःपक्षपाती वाद्य मात्र दुसरे नसावे. आरती करतानाही निरांजन उजव्या हातात आणि घंटा डाव्या हातात असते. म्हणजे देवघरातला ठेका डाव्या हाताकडेच सोपवलेला आहे, हा तिचा आवडता युक्तिवाद.

तिचे छोटे छंदही याच वाटेने जातात. कोणत्याही मैफलीच्या छायाचित्रात ती प्रथम वादकाचा हात पाहते. डावखुरा दिसला की आनंद, आणि लगेच शंका. कारण छापताना चित्र उलटे झाले तर उजवा माणूसही डावा दिसतो. ही फसवणूक जुनी आहे. अमेरिकेतील बिली द किड या दरोडेखोराच्या एकमेव प्रसिद्ध छायाचित्राची प्रतिमा उलटी असल्याने तो डावखुरा असल्याचा समज पसरला, आणि १९५८ साली त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाच्या नावातही 'डावखुरा' हा शब्द आला. आज मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रफितींमुळे असे 'खोटे डावरे' पदोपदी भेटतात. सदऱ्याच्या गुंड्या कोणत्या बाजूला आहेत आणि मागच्या फलकावरची अक्षरे सरळ आहेत का, एवढे पाहिले की उलगडा होतो.

आरशाचा तिला एक लाभही झाला. उजव्या हाताचा वादक समोर बसून शिकवतो, तेव्हा डावखुऱ्या विद्यार्थ्याला तो आपल्या प्रतिबिंबासारखा दिसतो. इतर मुले मनातल्या मनात दिशा उलटवत असताना ती सरळ अनुकरण करते. हे तिने शिक्षकांनाही दाखवले. त्यांनी काही दिवस ते पडताळून पाहिले आणि हात बदलण्याचा आग्रह सोडला. अट एकच घातली, ती म्हणजे डग्ग्याचा रियाज दुप्पट करायचा, कारण तिच्याबाबतीत तो आता उजव्या, म्हणजे तुलनेने दुबळ्या हाताकडे आहे. ती तो करते आणि कुरकुरही करते.

त्या रात्री भजन रंगले. मध्येच पखवाज वाजवण्याची तिची पाळी आली. तबल्यासारखी मांडामांड तेथे नाही, पखवाज फक्त टोकाटोकाने फिरवायचा, म्हणजे कणीक लावलेले धुमाचे तोंड उजव्या हाताखाली येते. पण तसे फिरवून बसल्यावर बुवांची पेटी तिच्या हाताला लागू लागली. बुवांनी गाणे न थांबवता पेटी दुसऱ्या मांडीपुढे सरकवली. टाळवाले आजोबाही सतरंजीवर थोडे मागे सरले आणि पुढचा अभंग सुरू झाला.