प्रवेश मिळाल्यानंतर

प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बहुतेक बायकांना दोन-तीन नावं असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधार कार्डावर सासरचं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचंच, पण स्पेलिंग निराळं. विवाह नोंदणीचा दाखला असला तर काम सोपं. नसला तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, सेतू केंद्राच्या खेपा. अर्ज ऑनलाइन भरायला फार वेळ लागत नाही. हे कागद जमवण्यात मात्र महिना निघून जातो आणि तेवढ्यात मुदत संपते. म्हणून मी ओळखीच्या बायकांना मार्चमध्येच सांगून ठेवते, ताई, जूनची वाट बघू नका, कागद आत्ताच बाहेर काढा.

मी सिन्नरला इतिहास शिकवते आणि रविवारी मुक्त विद्यापीठाची समंत्रक असते. समंत्रक म्हणजे काय, हे घरच्यांनाही समजावून सांगावं लागलं होतं. वर्गात उभं राहून धडा शिकवायचा नसतो. विद्यार्थी घरी पुस्तक वाचून येतो, जिथे अडला असेल तिथून पुढे त्याला घेऊन जायचं. या भेटींना संपर्क सत्र म्हणतात.

कॉलेजात जाता येत नसेल त्याला पूर्वी बाहेरून परीक्षा देण्याचा मार्ग होताच. शालेय पातळीवरचा सतरा नंबरचा फॉर्म तर घराघरांत माहीत आहे. पण त्यात मिळायची फक्त परीक्षेची परवानगी. शिकवणार कोण, काय वाचायचं, कुठे विचारायचं, याची जबाबदारी कुणावरच नव्हती. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा धडे निदान टपालाने घरी यायला लागले. ब्रिटनने १९६९ मध्ये खास याच कामासाठी वेगळं विद्यापीठ काढलं. आपल्याकडे पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला झालं, १९८५ मध्ये दिल्लीचं इग्नू आलं, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचं ब्रीद.

त्या काळातली सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे पूर्वतयारी शिक्षणक्रम. बारावी झालेली नसली तरी वयाची १८ वर्षं पूर्ण केलेल्या माणसाने हा शिक्षणक्रम पुरा करावा आणि पदवीकडे वळावं. आठवीत शाळा सुटलेल्या कितीतरी जणांना आपण पदवीधर होऊ शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. प्रवेशाच्या अटी पुढे बदलत गेल्या, म्हणून आज येणाऱ्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी कसा प्रवेश घेतला, यावर विसंबू नये.

देशात १८ ते २३ या वयोगटातल्या दर १०० जणांमागे उच्च शिक्षणात नाव असलेले साधारण २८ जण, असं २०२१-२२ ची सरकारी पाहणी सांगते. २०३५ पर्यंत हा आकडा ५० वर न्यायचा, असं २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ठरवलं आहे. हिशेब मांडला जातो तो १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येवर. माझ्या रविवारच्या वर्गातल्या बहुतेकांनी तेविशी कधीच ओलांडली आहे. त्यांनी शिकायला हवं होतं आणि त्यांचं राहून गेलं, याची नोंद कुठेच नाही.

वर्गात मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारी मुलं असतात. एका आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी, त्यामुळे दर रविवारी सकाळी येणंसुद्धा त्यांना जड जातं. अंगणवाडी सेविका असतात. पदवी हाती आली की पर्यवेक्षिकेच्या पदासाठी अर्ज करता येईल, हा त्यांचा स्वच्छ हिशेब. आणि विड्या वळणाऱ्या बायका. सिन्नरला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पानं भिजवायची, कातरायची, जर्दा भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. हात कामात असले की डोळेही तिथेच लागतात, पुस्तक समोर ठेवून भागत नाही. त्यांच्यातल्या एकीची सातवीतली मुलगी तिला समाजशास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. मुलीला त्यातलं फारसं कळत नाही. आई मधेच थांबवून ‘ते पुन्हा वाच’ म्हणते, आणि रविवारी येऊन नेमक्या त्याच परिच्छेदाबद्दल विचारते. तिच्याइतके नेमके प्रश्न मला सोमवारच्या नियमित वर्गात क्वचितच येतात.

आपल्याला हवं तेव्हा शिकता येतं, एवढंच ऐकून पुष्कळ लोक येतात. मग मी त्यांना तासांचा हिशेब करून दाखवते. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. आठ श्रेयांकांचा विषय म्हणजे २४० तास. वर्षाला असे चार विषय धरले तर ९६० तास, दहा महिन्यांत रोज तीन तासांहून थोडे जास्तच. हे तास पहाटे काढा, रात्री काढा, जेवणाच्या सुट्टीत काढा. ते काढावेच लागतात. ऐकून काहींचे चेहरे उतरतात, पण हे पहिल्या दिवशी सांगितलेलं बरं.

गळती होते ती पहिल्या सहा महिन्यांत. कारण बहुधा साधं असतं. पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं, कळलं नाही, ‘आपल्याला जमणार नाही’ असं मनाशी ठरलं, आणि पुस्तक कपाटात गेलं. खरं तर ही पुस्तकं एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात. सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. मधले प्रश्न लोक सरसकट गाळतात. मी ते पेन्सिलीने सोडवून आणायला लावते. दुसरी गोष्ट लिहिण्याची. पंधरा-वीस वर्षं सहीपलीकडे काही न लिहिलेला हात तीन तासांच्या पेपरात तासाभरात आखडतो. त्यावर रोज एक पान लिहिण्याखेरीज इलाज नाही.

म्हणूनच तयार गृहपाठ विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शंभर गुणांतले वीस गृहपाठाचे आणि ऐंशी लेखी परीक्षेचे, तर वीस गुण विकत घ्यायला काय हरकत, असं विचारणारे भेटतात. पण एकट्याने शिकणाऱ्या माणसाचं लिखाण कुणीतरी वाचून ‘इथे सन चुकला, हे कारण छान मांडलंस’ असं समासात लिहावं, ही संधी त्या गृहपाठाखेरीज कुठे असते? विकतच्या उत्तरावर मी काय लिहिणार?

या पदवीला किंमत आहे का, हा प्रश्न दरवर्षी येतो. विद्यापीठाला आणि त्या शिक्षणक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असेल, तर दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आयोगाने हे २०२२ मध्येही पुन्हा स्पष्ट केलं. राज्यसेवेच्या परीक्षेला ती चालते. मान्यता मात्र आयोगाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावी, एजंटाच्या शब्दावर पैसे देऊ नयेत.

नाशिक रोडच्या कारागृहात अभ्यासकेंद्र चालतं, बंदिवान तिथून पदव्या घेतात. तिथवर शिक्षण नेणं जमलं, तर तालुक्याच्या गावी जे हवं आहे ते अवघड नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत. प्रवेशानंतर दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला केंद्रावरून एक फोन जावा: पुस्तक उघडलं का, कुठे अडलात? हे काम मी आमच्या वर्गापुरतं करते, पण ते कुणा एकाच्या हौशीवर सोडू नये, त्याला मानधन असावं. संपर्क सत्रांच्या वेळी मुलांना सांभाळायला एक खोली आणि एक मावशी असावी. तान्ह्या बाळाची आई येत नाही, कारण तिला कुणी ‘ये’ म्हटलेलं नसतं. आणि कॉलेजांची ग्रंथालयं रात्री नऊपर्यंत उघडी राहावीत, मुक्त विद्यापीठाच्या ओळखपत्रावर तिथे बसू द्यावं. इमारत आहे, टेबलं आहेत, दिवे आहेत. संध्याकाळी सहाला तिथे कुलूप लागतं, आणि दिवसपाळी सुटते त्यानंतर.